मॅग्नेशियमला ‘नैसर्गिक स्टॅटिन’ म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा: यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमला मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) ब्रेक लावतो असं वाचलं, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीही तेच करते, मग वडिलांची रोसुवास्टॅटिन बंद करून मॅग्नेशियम सुरू केलं तर काय हरकत आहे?

हरकत आहे. गोळी बंद करू नका. पण ब्रेकची गोष्ट खोटी नाही, त्यामुळे ‘अफवा आहे’ एवढं म्हणून मला हा प्रश्न सोडून देता येत नाही. माझी बरीच वर्षं यकृतातल्या एन्झाइमांवर गेली आणि त्यातली सुरुवातीची याच एन्झाइमवर. आयन ब्रेक लावतो हे मी प्रयोगशाळेतल्या नळीत स्वतः पाहिलं आहे. नळीत जे दिसतं ते गोळी खाल्ल्यावर यकृतात का दिसत नाही, हा खरा मुद्दा आहे. तो सावकाश सांगतो.

यकृत कोलेस्टेरॉल बनवतं ते दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून. असिटाइल-कोएचे तीन तुकडे जोडले गेले की एचएमजी-कोए तयार होतं. त्याचं मेव्हॅलोनेट होतं. सहा मेव्हॅलोनेटमधून प्रत्येकी एक कार्बन गळून, उरलेले पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडत जोडत तीस कार्बनचं स्क्वालीन बनतं आणि ते गुंडाळून, छाटून शेवटी सत्तावीस कार्बनचं कोलेस्टेरॉल. ही वाट उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४चं नोबेल मिळालं. वाटेत वीसहून जास्त पायऱ्या आहेत, पण सगळी नाकाबंदी एका पायरीवर: एचएमजी-कोएचं मेव्हॅलोनेट होताना. ते काम करणारं एन्झाइम म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं, ते याच एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसणारं. खऱ्या कच्च्या मालापेक्षा स्टॅटिन त्या खाचेला हजारो पट घट्ट धरतं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर उभं आहे. या रिडक्टेजला स्वतःच्या कामासाठी कुठलाही धातूचा आयन लागत नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तेही लागत नाही. त्याला लागतात इलेक्ट्रॉन पुरवणारे दोन एनएडीपीएच रेणू, बस्स.

मग मॅग्नेशियम मध्ये आलं कुठून?

१९७३मध्ये बेग, ऑलमन आणि गिब्सन या संशोधकांना उंदराच्या यकृताच्या अर्कात असं दिसलं, की एटीपी आणि मॅग्नेशियम घालून अर्क थोडा वेळ ठेवला की रिडक्टेजचं काम मंदावतं. दोन्ही लागतात, शिवाय पेशीरसातलं एक प्रथिनही लागतं. म्हणजे आयन थेट रिडक्टेजला जाऊन भिडत नाही. दुसरं एक एन्झाइम एटीपीमधला फॉस्फेट उचलून रिडक्टेजला चिकटवतं आणि फॉस्फेट चिकटला की रिडक्टेज सुस्त होतं. एखाद्या रेणूला असा फॉस्फेट डकवणाऱ्या एन्झाइमांना किनेज म्हणतात. आज हे किनेज एएमपीके, म्हणजे एएमपीनं जागं होणारं किनेज, या नावानं ओळखलं जातं. १९८७मध्ये कार्लिंग, झॅमिट आणि हार्डी यांनी दाखवलं, की रिडक्टेजला आणि चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ब्रेक लावणारं किनेज एकच आहे. फॉस्फेट चिकटतो ती जागाही नेमकी ठाऊक आहे: माणसाच्या ८८८ अमिनो आम्लांच्या साखळीत ८७२व्या क्रमांकाचं सेरीन, म्हणजे अगदी शेपटाजवळ.

हे प्रयोगशाळेत कसं दिसतं ते सांगतो, कारण मला ते चांगलंच महागात पडलं होतं. उंदरांच्या यकृतात रिडक्टेजचं काम रात्री, ते खात असतात तेव्हा, सर्वांत जास्त असतं. म्हणून आम्ही त्यांच्या खोलीतले दिवे उलटे लावायचो, म्हणजे त्यांची मध्यरात्र आमच्या सकाळी यायची. यकृत काढलं की बर्फात, थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दळायचं, आधी जड भाग खाली बसवून टाकायचा आणि वरचं द्रव एक लाख जी वेगावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोरानं, तासभर फिरवायचं. नळीच्या तळाशी तांबूस, अर्धपारदर्शक जेलीसारखा थर बसतो. रिडक्टेज त्या थरात. एकदा एकाच यकृताचे दोन भाग करून मी आणि माझ्या सहकाऱ्यानं मोजणी केली, तर त्याचे आकडे माझ्या कितीतरी पट. तीन दिवस मी पिपेट तपासत बसलो. कारण निघालं बफरमध्ये: माझ्या बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं, त्याच्या नव्हतं.

फ्लोराइड फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला थांबवतं. त्यामुळे यकृत काढलं त्या क्षणी जेवढी रिडक्टेज फॉस्फेटखाली सुस्त होती, तेवढी माझ्या नळीत सुस्तच राहिली. सहकाऱ्याच्या नळीत कोमट तापमानाला फॉस्फेट गळून पडले आणि सगळं रिडक्टेज जागं झालं. दोन्ही आकडे बरोबर होते. एक ‘आत्ता किती चालू आहे’ याचा, दुसरा ‘एकूण किती आहे’ याचा. त्यातून हेही कळतं, की नेहमीच्या स्थितीत यकृतातलं बहुतेक रिडक्टेज फॉस्फेट लावून निजवलेलंच असतं.

त्यानंतर मी मुद्दाम उलट करून पाहिलं. जागं झालेलं रिडक्टेज घेतलं, पेशीरस, एटीपी आणि मॅग्नेशियम घातलं: काम उतरलं. नुसतं मॅग्नेशियम घातलं: काहीच नाही. तिन्ही घालून वर ईडीटीए टाकलं, जे मॅग्नेशियमला कवटाळून बसतं: उतरण थांबली. ही तिसरी नळी पाहिली की ‘मॅग्नेशियम कोलेस्टेरॉलला ब्रेक लावतं’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून सहज निघेल. माझ्याही निघालं होतं. २००४मध्ये रोझनॉफ आणि सीलिग यांनी मॅग्नेशियम आणि स्टॅटिन यांची तुलना करणारा लेख लिहिला, त्याचा गाभाही हाच होता. ‘नैसर्गिक स्टॅटिन’ हे लेबल बहुधा अशाच लिखाणातून पुढे लोकांच्या तोंडी बसलं.

पण नळीत मी मॅग्नेशियम शून्यावर नेलं होतं. जिवंत यकृतात ते कधीच शून्यावर जात नाही. सगळी गोम इथे आहे.

एटीपीला तीन फॉस्फेटची शेपटी असते आणि तिच्यावर ऋण भार दाटलेला असतो. दोन धन भारांचा मॅग्नेशियम आयन त्या शेपटीवर बसतो, भार झाकतो आणि शेपटी एन्झाइमला धरता येईल अशी करतो. पात्याला मूठ असावी तसं. मुठीशिवाय पातं वापरता येत नाही, हे खरं. पण एका सुरीला दोन मुठी बसवल्या म्हणून ती दुप्पट कापत नाही. पेशीत मोकळं मॅग्नेशियम साधारण ०.५ ते १ मिलीमोलर (हे द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) असतं. एटीपी त्याला बरंच घट्ट धरतं. धरण्याचा स्थिरांक, म्हणजे निम्म्या एटीपीवर मॅग्नेशियम बसायला पुरेल एवढं प्रमाण, ०.०८ मिलीमोलरच्या आसपास धरा. आता गणित करा. मोकळं मॅग्नेशियम ०.७ असेल तर ०.७ भागिले ०.७८, म्हणजे जवळजवळ ९० टक्के एटीपीला मूठ बसलेली आहे. समजा गोळ्या खाऊन ते ०.८ झालं, तर ०.८ भागिले ०.८८, म्हणजे ९१ टक्के. एक टक्का. आणि ०.५ इतकं खाली आलं तरी ८६ टक्के. शिवाय यकृतात एटीपी काही मिलीमोलर असतं आणि किनेजचं काम त्याच्या अगदी थोड्या भागावर भागतं. एवढ्याशा फरकानं ब्रेक जास्त किंवा कमी दाबला जाईल, याला मला काही आधार दिसत नाही.

०.७ चं ०.८ होईल हेही मी तुमच्या बाजूनं धरलं. प्रत्यक्षात पेशी आतलं मॅग्नेशियम फार हट्टानं एका पातळीवर ठेवते. पोटातून जास्त आलं तर मूत्रपिंड ते बाहेर टाकतं.

मग ब्रेक कोण दाबतं? पेशीची ऊर्जेची चणचण. एटीपी खर्च होऊन त्याचं उरलेलं रूप, एएमपी, वाढलं की एएमपीके जागं होतं. नावातच ते आहे. कोलेस्टेरॉल बनवणं हा महागडा उद्योग, तेव्हा हात आखडता असताना तो थांबवायचा, असा यकृताचा हिशोब. मॅग्नेशियम या व्यवहारात हत्याराच्या मुठीएवढंच. निर्णय त्याचा नाही.

आता दुसरी बाजू, जी ‘नैसर्गिक स्टॅटिन’वाले कधीच सांगत नाहीत आणि मला सर्वांत मजेदार वाटते. रिडक्टेजच्या पुढच्या पायऱ्यांवर हाच आयन कोलेस्टेरॉलच्या बाजूनं राबतो. मेव्हॅलोनेटवर लागोपाठ तीन एन्झाइमं काम करतात आणि प्रत्येक एक एटीपी खर्च करतं, अर्थातच मॅग्नेशियमच्या मुठीसकट. एका कोलेस्टेरॉलसाठी सहा मेव्हॅलोनेट, म्हणजे फक्त या टप्प्यात अठरा एटीपी. त्याच्या पुढचं फार्नेसिल डायफॉस्फेट सिंथेज तर खाचेत तीन मॅग्नेशियम आयन घेऊन बसतं. एन्झाइमच्या दोन बाजूंना अ‍ॅस्पार्टिक आम्लांचे झुपके आहेत, ते आयनांना पकडतात, आयन कच्च्या मालाच्या फॉस्फेटना पकडतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या झोलेड्रोनेट, अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या औषधांना या एन्झाइममध्ये शिरायला हेच तीन आयन पायरी देतात. औषधाच्या फॉस्फोनेटचे पाय त्यांच्यावर रोवले जातात. (ही औषधं हाडात जाऊन बसतात म्हणून यकृताच्या कोलेस्टेरॉलशी त्यांचा फारसा संबंध येत नाही.) त्यानंतरचं स्क्वालीन सिंथेजही मॅग्नेशियमशिवाय हलत नाही. म्हणजे एकाच वाटेवर हा आयन एका नाक्यावर अडवणाऱ्याच्या हातात आहे आणि पाच नाक्यांवर पुढे ढकलणाऱ्यांच्या. मॅग्नेशियम खरोखरच दुपटीनं वाढवता आलं असतं, तर कोलेस्टेरॉल वाढलं असतं की घटलं असतं, याचा निकाल रिडक्टेजच्या एका नळीवरून लावता येणार नाही.

बरं, क्षणभर माना की ब्रेक थोडा लागला. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी होईल? इथे स्टॅटिनबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. स्टॅटिन कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं म्हणून रक्तातलं एलडीएल कमी होतं, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. यकृतपेशीच्या आतलं कोलेस्टेरॉल घटलं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि दोन हुकूम देतं: रिडक्टेज आणखी बनवा, आणि पृष्ठभागावर एलडीएलचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं (रिसेप्टर), वाढवा. वाढलेले ग्राहक रक्तातलं एलडीएल खेचून घेतात. एलडीएल खरं उतरतं ते त्यामुळे. रिडक्टेजही वाढतं, पण त्यांच्या खाचा स्टॅटिननं बुजवलेल्याच असतात. एलडीएलच्या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं. त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९९३मध्ये आणखी एक सुरेख प्रयोग आला. त्यांनी हॅमस्टरच्या रिडक्टेजमधलं ते शेपटाजवळचं सेरीन बदलून टाकलं, म्हणजे फॉस्फेट चिकटायला जागाच उरली नाही. अशा पेशींत एटीपी कमी पडल्यावर लागणारा ब्रेक नाहीसा झाला. पण कोलेस्टेरॉल साठलं की निर्मिती थांबवणारी नेहमीची व्यवस्था जशीच्या तशी चालू राहिली. फॉस्फेटचा ब्रेक आणि कोलेस्टेरॉलची रोजची देखरेख ही दोन वेगळी खाती आहेत. मॅग्नेशियमची गोष्ट पहिल्या खात्यातली, तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा मुख्यतः दुसऱ्या.

धातूच्या आयनानं यकृतातलं कोलेस्टेरॉल रोखायचा प्रयत्न आधीही झाला आहे. १९५०च्या दशकात करन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की व्हॅनेडियममुळे उंदराच्या यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं. १९६१पर्यंत जागाही सापडली: स्क्वालीन बनण्याचा टप्पा. यंत्रणा मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी स्वच्छ. माणसांवरही करून पाहिलं. पुढे रुग्णांमध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरेना, पोटात कळा यायच्या, जुलाब व्हायचे आणि काहींची जीभ हिरवी पडायची. प्रकरण तिथेच मिटलं. नवा कुणी नळीतला आलेख घेऊन आला की मला ती हिरवी जीभ आठवते.

तांब्याबद्दल एकच वाक्य: उंदरांना तांबं कमी दिलं की त्यांच्या यकृतात रिडक्टेजचं काम वाढतं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉलही, पण तो निराळा विषय आहे आणि त्यावरून कुणी तांब्याच्या गोळ्या खाऊ नयेत.

मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तर? तेव्हा चित्र थोडं बदलतं. मॅग्नेशियम तोडलेल्या उंदरांत ट्रायग्लिसराइड ठळकपणे वाढतात आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घटतं, म्हणजे बिघाड चरबी वाहून नेण्याच्या आणि साफ करण्याच्या कामात जास्त दिसतो. माणसांत टाइप-२ मधुमेह आणि कमी मॅग्नेशियम ही जोडी वारंवार सापडते. पण मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊन केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर हाती फारसं लागत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका एकत्रित विश्लेषणात एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड यांपैकी कशावरच अर्थपूर्ण परिणाम आढळला नाही. याच्या शेजारी स्टॅटिन ठेवा: नेहमीच्या मात्रेत एलडीएल ३० ते ५० टक्के खाली. नाव एकच द्यायचं, तर निदान काम तरी एकसारखं असावं.

वडिलांच्या बाबतीत मी काय बघेन? आधी ते मॅग्नेशियम घसरवणारी औषधं घेतात का: आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं चालू असलेली ओमेप्राझोलच्या कुळातली गोळी, किंवा लघवी वाढवणारी गोळी. ओमेप्राझोलच्या कुळाबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं २०११मध्येच इशारा दिला होता. असं काही असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम तपासा, १.७ ते २.३ मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर हा साधारण सामान्य पट्टा. शरीरात एकूण २५ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि रक्तद्रवात त्याचा एक टक्काही नसतो, त्यामुळे आकडा ठीक आला म्हणून साठा भरलेलाच आहे असं नाही. कमी आला तर मात्र ते खरं धरायचं. आणि नमुना काढताना रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा खोटाच जास्त येतो, कारण लाल पेशींत मॅग्नेशियम रक्तद्रवापेक्षा जास्त असतं. रिपोर्टवर तशी शेरेबाजी असेल तर नमुना पुन्हा द्या.

कमतरता असेल तर मॅग्नेशियम घ्यावं, स्टॅटिनच्या जोडीनं. कोलेस्टेरॉलसाठी नव्हे, मॅग्नेशियमसाठी. गोळ्यांमधून दिवसाला ३५० मिलीग्रॅमच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. त्यापुढे बहुतेकांचं पोट आधी तक्रार करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर एक गोळीही परस्पर नको, कारण जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर काढणारा रस्ताच तिथे अरुंद झालेला असतो.

आणि प्रश्नात विचारलं नाही, पण तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल असं एक. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेलं अँटासिड रोसुवास्टॅटिनबरोबरच घेतलं, तर रक्तात पोचणारं रोसुवास्टॅटिन जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून अँटासिड रोसुवास्टॅटिननंतर किमान दोन तासांनी घ्यायचं असतं. मॅग्नेशियमच्या इतर गोळ्यांनाही मी हेच अंतर सांगतो. वडील सकाळी दोन्ही एकदम घोटभर पाण्याबरोबर घेत असतील आणि तीन महिन्यांनी एलडीएल चढलेलं दिसलं, तर मात्रा वाढवण्याआधी त्यांना वेळ विचारा.